नावेत मी एकटाच पुढे बघत होतो

ऑक्टोबरात एक दिवस असा येतो की मस्कतमधला एसी बंद करता येतो. तारीख ठरलेली नसते. बौशरमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो दिवस बायकोला आधी कळतो. अनघा सकाळी उठते, रिमोट उचलते, यंत्र बंद करते आणि खिडकी सताड उघडते. पाच-सहा महिने कानात घोंगावत असलेलं काहीतरी एकदम थांबतं. त्या शांततेत आधी कबुतरांची फडफड ऐकू येते, मग हमरस्त्यावरच्या गाड्या, आणि मग वाऱ्याबरोबर वास येतो. खारट, ओलसर, थोडा शेवाळी. त्या वासाने सगळं मस्कत खूश होतं. लोक चटया काढतात, कोळशाच्या पिशव्या आणतात, किनाऱ्यावर मटण भाजायचे बेत ठरतात. मी मात्र खिडकीपासून दोन पावलं मागे सरतो आणि माझा उजवा हात आपोआप पोटावर जातो, बेंबीच्या जरा वर. तिथे काही नसतं. सहा वर्षांपूर्वी, दोन हजार तेराच्या थंडीत, तिथे एक बक्कल होतं.

"पोट दुखतंय का?" अनघा विचारते.

"नाही. हवा बदलली."

"मग चांगलंच आहे की."

चांगलंच आहे. घाबरायला थंडीसारखा ऋतू नाही. घाम आला तर निदान उन्हाळ्याचा नाही हे कळतं.

मी कोकणातला. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा छाती फुगवून म्हटलं, तितक्या वेळा त्याने मला गोत्यात आणलं. कोकण म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नारळ, मासे आणि लाटेवर उभा असलेला एक काळासावळा पोरगा येतो. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. तिथून समुद्र एसटीने दोन तास, तीही वेळेवर सुटली तर. गावची नदी पावसात माणसं नेते आणि मार्चमध्ये म्हशीचे खूरसुद्धा भिजवत नाही. मधल्या काळात कुणी तिच्यात पोहायला शिकावं अशी तिची इच्छा कधी दिसली नाही. आई सांगायची, "पाण्याक नि सायबाक लांबसूनच रामराम करूचो." साहेबांच्या बाबतीत मी चुकत गेलो, पण पाण्याच्या बाबतीत चाळिशीपर्यंत आईच्या शब्दाबाहेर गेलो नाही.

मग आमच्या कॉलेजने बोट क्लब काढला.

मस्कतमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी वर्कशॉपमध्ये शिकवतो. त्या वर्षी कुठूनतरी दोन जुन्या शर्यतीच्या नावा आल्या, धक्क्यामागच्या शांत पाण्याच्या काठी एक पत्र्याची शेड मिळाली आणि शेवटी फतवा निघाला की विद्यार्थ्यांबरोबर कर्मचाऱ्यांचीही एक टीम हवी. चार जण वल्ह्यावर आणि एक सुकाणूला. चहाच्या वेळी चर्चा चालू होती. मी बिस्कीट बुडवत म्हणालो, "नावेचं काय एवढं? आमच्याकडे पोरं शाळेत होडीने जातात." हे खरं होतं. 'आमच्याकडे' या शब्दात मी सबंध किनारपट्टी घेतली होती. तीत माझं गाव नव्हतं, एवढंच. समोर देशपांडे बसले होते. पुण्याचे, गणित शिकवतात. माणसाच्या बोलण्यातली चूक त्यांना लगेच दिसते, पण ती लगेच सांगत नाहीत, साठवून ठेवतात. ते फक्त "अस्सं?" म्हणाले आणि त्यांनी यादीत माझं नाव लिहिलं. मी हसत राहिलो. बिस्कीट चहात पडलं.

घरी सांगितल्यावर अनघा म्हणाली, "अहो, तुम्ही बाथटबमध्ये दोरीला धरून बसता."

"ते टाइल्स गुळगुळीत आहेत म्हणून."

नऊ वर्षांची मनवा वहीतून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, तू कॅप्टन आहे? वॉव. मी माझ्या क्लासला टेल करू?" तिने क्लासला टेल केलं. परतीचा एकेक दरवाजा असा बंद होत गेला, आणि प्रत्येक दरवाजा कुणीतरी प्रेमानेच लावला.

क्लबचा नियम होता: नावेत बसण्याआधी तलावात दोन फेऱ्या पोहून दाखवायच्या. मी कानात कापूस घालून गेलो. कान दुखतोय. आमचे प्रशिक्षक कप्तान खमिस, सूर बंदराचे. पांढरी दाढी, तळहात जुन्या दोरखंडासारखे. त्यांनी कापसाकडे पाहिलं, मग कागदावरच्या माझ्या गावाकडे.

"कोकण?"

"कोकण," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांचे आजोबा खजूर घेऊन गलबताने रत्नागिरीला जायचे आणि येताना लाकूड आणायचे. आजोबा सांगायचे, त्या किनाऱ्याची माणसं चालायच्या आधी पोहतात. "खलास!" खमिस म्हणाले आणि त्यांनी माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. एका मेलेल्या खलाशाच्या आठवणीवर मी परीक्षा पास झालो. त्या क्षणी "कप्तान, मला येत नाही" एवढे चार शब्द म्हणायला हवे होते. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याचे आजोबा आले होते. त्यांना परत पाठवायची हिंमत मला झाली नाही.

तलावात त्या दिवशी आणखी एक लबाडी चालू होती, ती मला नंतर कळली. आमच्या ऑफिसात दाखले देणारा नासर, डोंगराकडच्या रुस्ताकचा, सव्वासहा फूट उंच, तीन मुलांचा बाप, तोही टीममध्ये होता. तलाव पाच फुटी. नासर तळावरून चालत गेला आणि वरून नुसते हात मारत राहिला. दोन फेऱ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शर्यतीची नाव तुम्ही जवळून पाहिली आहे का? शेवग्याच्या शेंगेइतकी अरुंद. तिच्यात बसलं की पाण्याची पातळी जवळजवळ मांडीला लागते. वल्हवणारे चौघे उलटे बसतात, ज्या दिशेला नाव चालली आहे तिच्याकडे पाठ करून. ते मागचं बघत पुढे जातात. पुढचं फक्त एकाला दिसतं, सगळ्यात मागे त्यांच्याकडे तोंड करून बसलेल्या सुकाणूवाल्याला. त्याच्या दोन्ही हातांत सुकाणूच्या दोऱ्या, डोक्याला पट्ट्याने लावलेला माईक, आणि अंगात नारिंगी जॅकेट. वल्हवणाऱ्यांना जॅकेट नाही, हात अडतात म्हणून. त्यांची जॅकेटं कप्तानच्या मोटरबोटीत. नावेतलं एकमेव जॅकेट सुकाणूवाल्याचं.

"सुकाणूला हलका माणूस लागतो. माझं वजन चोपन्न किलो," मी लगेच म्हणालो. "मी सुकाणू धरतो."

"हात न हलवता बसायची जागा बरोबर हेरलीत," देशपांडे म्हणाले. ते नाळेशी, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, माझ्यापासून सगळ्यात लांब बसायचे. मध्ये केरळचा फिलिप आणि ट्युनिशियाचे एक प्राध्यापक. त्या दोघांचा या सगळ्यात काही दोष नाही. आणि माझ्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, नासर. ती जागा त्याने मागून घेतली होती.

का, ते त्याने तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. नाव शेडमध्ये ठेवून आम्ही पाय पुसत होतो. तो खाली वाकला आणि त्याच्या त्या मोडक्या, गोड हिंदीत म्हणाला, "उस्ताद, किसी को नहीं बोलना. मेरे को तैरना मालूम नहीं. रुस्ताक में पानी इधर तक." त्याने पोटरीवर हात लावला. "लेकिन तुम समंदर का आदमी. मैं तुम्हारा मुँह देखता. तुम्हारा मुँह ठीक, तो समंदर ठीक."

मी काय बोललो? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी मला चवड्यांवर उभं राहावं लागलं. आणि म्हणालो, "माफी मुश्किल." काही अडचण नाही.

त्या दिवसापासून भीती दुप्पट झाली. आधी मी फक्त बुडणार होतो. आता माझ्या भरवशावर एक घर बुडणार होतं.

पहाटेच्या त्या पाण्याला एक रंग असे, शिळ्या चहावर साय धरते तसा. वल्ही एकदम पाण्यात शिरत, एकदम बाहेर येत, सरकत्या बैठकांचा घर्रर आवाज आणि मग नावेखालून जाणाऱ्या पाण्याची कुजबुज. देशपांडे म्हणायचे, हा जगातला सर्वांत सुंदर आवाज. मला ती कुजबुज माझ्याविषयीच चाललीय असं वाटे. शिंतोडा आला की मी दोन्ही पाय वर घ्यायचो. दोऱ्या इतक्या घट्ट धरायचो की नाव कधी सरळ गेली नाही. मागून काढलेल्या फोटोत आमची वाट गांडूळ गेल्यासारखी दिसते. सगळ्यात वाईट तो माईक. चौघांच्याही बैठकीखाली स्पीकर होते. मी काही बोललो नाही तरी माझा श्वास चौघांना ऐकू जायचा.

"काय हो," नाळेवरून देशपांडे ओरडले, "बॉयलर पेटवलाय का?"

मग मी माईकवर तळहात धरायला शिकलो. आणि चेहरा धरायला. आरशासमोर सराव केला. दाढी करताना मी भुवया, ओठ, गाल एकेक करून सैल सोडायचो. मनवा दारात उभी राहून बघायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, तुला भीती येते?"

"छे."

"मग तू स्टॅच्यूसारखा का करतो?"

समोर नासर वल्हं ओढताना माझ्याकडे बघत असायचा. दर वेळी पुढे सरकला की त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या हातभर अंतरावर, मागे गेला की लांब. पुढे, मागे. त्याच्या पापण्यांवर मीठ वाळलेलं दिसायचं. कुणी माझ्याकडे इतक्या श्रद्धेने, इतका वेळ पाहिलेलं नाही. लग्नात अनघानेसुद्धा नाही. मी त्याच्या खांद्यावरून पुढे बघायचो आणि जे दिसेल ते चेहऱ्यावर येऊ द्यायचो नाही.

शर्यत धक्क्याबाहेरच्या मोकळ्या पाण्यात होणार होती. म्हणून आधी दोन आठवडे कप्तान खमिस आम्हाला लाल तरंगत्या बोयाच्या पलीकडे न्यायला लागले. ते मोटरबोटीने बाजूला असायचे. त्या सकाळी त्यांचं इंजीन खोकायला लागलं आणि ते मागे पडले. "यल्ला, जा, मी येतो," त्यांनी हात केला.

बोया ओलांडला. पाणी सपाट होतं. आणि मग मला लांबवर एक काळपट सुरकुती दिसली. पाण्यावर कुणी ओला फडका ओढत आणतंय अशी. शमाल. उत्तरेकडून येणारा हा वारा; खमिसनी दहा वेळा सांगितलं होतं, सुरकुती दिसली की नाव फिरवायची, विचार करायचा नाही.

मी विचार केला.

मी असा विचार केला: आता फिरवलं आणि वारा आलाच नाही, तर देशपांडे म्हणणार, कोकणी माणूस वाऱ्याला घाबरला. अजून थोडं बघू. म्हणून मी फिरवलं नाही. दोन मिनिटं असतील, तीन असतील. पाण्याला भिऊन वागायचा आयुष्यभराचा सराव असलेला मी, भीती कामाला येणार होती नेमक्या त्या तीन मिनिटांत शूर झालो.

"उस्ताद, आगे कैसा?" नासरने हळूच विचारलं.

त्याच्या खांद्यामागे ती सुरकुती आता उभी राहिली होती. मी चेहरा सैल सोडला. भुवया, ओठ, गाल.

"सब ठीक," मी म्हणालो. माईकवरून. चौघांनाही.

पहिली लाट फिलिपच्या मांडीवर आली, दुसरी सगळ्यांच्या. मग मी दोरी ओढली, आणि नाव आडवी झाली तिथेच आमचं संपलं. नाव काही उलटली नाही, ती भरली. आवाज न करता, आंघोळीची बादली भरावी तशी. एका क्षणी आम्ही पाण्यावर बसलो होतो, पुढच्या क्षणी पाण्यात, छातीपर्यंत, आणि नाव आमच्या खाली कुठेतरी, धड बुडत नाही, धड वर येत नाही. गार पाण्याने माझा आवाज गिळला. "नावेला धरा" हे ओरडणं माझं काम होतं. ते देशपांडे ओरडले. "नाव सोडू नका! ती बुडत नाही! कुणी सोडू नका!"

नासरने पावलं अडकवायच्या पट्ट्यांतून पाय सोडवले. तो नावेच्या कडेला दोन्ही हातांनी लटकला होता. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता तिथे काही सैल नव्हतं. त्याला सगळं वाचता आलं असणार, तिसऱ्या आठवड्यापासूनचं सगळं. मग त्याची नजर खाली आली. माझ्या जॅकेटवर. बक्कलवर.

आणि माझा उजवा हात तिथे गेला. मी त्याला पाठवला नव्हता. तो गेला आणि त्याने पट्टा ओढला. सोडवला नाही. आवळला.

नासरने ते पाहिलं. मी पाहिलं की त्याने पाहिलं. एवढंच. मग त्याने कपाळ नावेच्या लाकडाला टेकवलं आणि डोळे मिटले, आणि त्याचे ओठ हलत राहिले.

दहा मिनिटांत खमिस आले. इंजीन खोकतच होतं. त्यांनी आम्हाला एकेकाला काखेत धरून वर ओढलं, पाच मोजले, परत मोजले, आणि मग चौघांना सांगितलं, "याच्याकडे बघा! एवढं झालं, हा जागेवरून हलला नाही. कोकण!" मी दातावर दात आपटत बसलो होतो. मी हललो नव्हतो हे अगदी खरं होतं.

नावेला तडा गेला. शर्यत राहिली. कॉलेजात दोन दिवस मी शूर होतो. देशपांड्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि फक्त "अस्सं," म्हणाले. घरी मनवाने माझं चित्र काढलं. त्यात मी लाटेवर उभा होतो. मी सुकाणू सोडलं, पाठीचं कारण सांगितलं. नंतर सोसायटीच्या तलावात मनवानेच मला पोहायला शिकवलं, कमरेला फुगे बांधून, शेजारच्या पाच वर्षांच्या मुलांबरोबर. "बाबा, किक! किक करत राहा!" आता मला एक फेरी येते. कुत्र्यासारखी पोहतो, फक्त कुत्र्याच्या चेहऱ्यावर आत्मविश्वास असतो.

नासरने त्या सकाळचा विषय कधीच काढला नाही. आधीसारखाच उस्ताद म्हणायचा. उलट दर ऑक्टोबरात खजुराचा डबा माझ्या टेबलावर ठेवायचा, आणि मी तो डबा घरी नेऊन झाकण न उघडता फ्रिजच्या मागच्या बाजूला सारायचो. अनघा त्या खजुराचे लाडू करायची. मला ते घशाखाली उतरायचे नाहीत. कुणी शिवी दिली तर उत्तर देता येतं. खजुराला काय उत्तर द्यायचं?

गेल्या वर्षी त्याची बदली रुस्ताकला झाली. यंदा एसी बंद झाला, खिडकी उघडली, वास आला, आणि डबा आला नाही. चार दिवस मी अस्वस्थ. शेवटी अनघा म्हणाली, "डबा आला तरी तोंड वाकडं, नाही आला तरी वाकडं. जाऊन या एकदा. आणि जे काय आहे ते बोलून या." तिला काय आहे ते मी कधीच सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी गेलो. रुस्ताकला डोंगरातून गरम झरा येतो, त्याचे पाट गावभर फिरतात. नासर मला पाटाच्या कडेला घेऊन गेला. आम्ही पाय पाण्यात सोडून बसलो. पाणी खरंच पोटरीपर्यंत. त्याने कहवा ओतला. त्याची दाढी पांढरी व्हायला लागली आहे. मी तिसरा पेला हातात घेऊन बोलायला सुरुवात केली आणि थांबलो नाही: मला पोहता येत नव्हतं, कान दुखत नव्हता, सुरकुती मला दिसली होती. आणि बक्कल. "तू जॅकेटकडे पाहिलंस आणि मी ते आवळलं, नासर."

तो पाण्यात पाय हलवत राहिला.

"मेरे को मालूम," तो म्हणाला. "लेकिन तुम्हारे को आधा मालूम."

"म्हणजे?"

मग तो सांगत गेला, तुटक, अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी. तो जॅकेट मागत नव्हता. त्याने मागायचा विचारच केला नव्हता. तो बघत होता, धरायचं कुठे. त्याचा डावा हात नावेवरून सुटला होता, पाण्याखालून माझ्या पट्ट्याच्या वीतभर जवळ आला होता. त्याला तीन मुलं दिसत होती आणि माझं काही दिसत नव्हतं. "तुम ज़ोर से बाँधा. मैं सोचा, ये नहीं निकलेगा. तो हाथ वापस."

"आणि मी सोडवलं असतं तर?"

त्याने विचार केला. खरंच विचार केला, हिशेब चुकू नये अशा काळजीने.

"तो तुम आज कहवा नहीं पीता," तो म्हणाला. "उसके लिए खजूर लाता था. शरम का." मग तो एकदम हसला, मोठ्याने, आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की कहवा सांडला. मीही हसलो. बराच वेळ हसलो. पाय कधी पाण्याबाहेर काढले ते मला कळलं नाही.

सहा वर्षं मी माझ्या एका हाताला घाबरत होतो. त्याचा हात मला दिसलाच नव्हता. त्या नावेत पुढे बघायचं काम एकट्या माझं होतं, आणि वीतभर अंतरावरचं मी बघितलं नाही. आता ऑक्टोबर आला की खिडकीपासून किती पावलं मागे सरायचं, ते नव्याने ठरवावं लागेल.

निघताना त्याने खजुराचा डबा मागच्या सीटवर ठेवला. मी गाडीत बसलो. तो खिडकीशी वाकला, हात काचेच्या कडेवर ठेवून. मी सीटबेल्ट ओढला. खट् आवाज झाला. आम्ही दोघांनी एकदमच खाली पाहिलं, बक्कलकडे, आणि मग एकदमच एकमेकांच्या चेहऱ्याकडे.

"ज़ोर से बाँधो, उस्ताद," नासर म्हणाला.

मी पट्टा ओढून घट्ट केला. त्याचा हात काचेच्या कडेवरून निघेपर्यंत मी त्या हाताकडे बघत राहिलो. मग गाडी सुरू केली.